कुष्ठरोग आणि पंगतीतले एक पान

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



गणेशोत्सवातले व्याख्यान म्हणजे आरती आणि प्रसाद यांच्या मधला कार्यक्रम. प्रसादाचा वास येऊ लागला की वक्त्याने आवरते घ्यावे हा संकेत मला ठाऊक आहे. तेव्हा थेट विषयावर येते.

मी मूळची वर्ध्याची. लग्न होऊन जयपूरला आले, त्याला आता चार दशके होत आली. व्यवसायाने मी फिजिओथेरपिस्ट. नोकरीतली बरीच वर्षे हातापायांच्या नसा अधू झालेल्या रुग्णांबरोबर गेली आणि त्यांत कुष्ठरोगाचे रुग्ण पुष्कळ होते. आजचा विषय मात्र मी निवडलेला नाही. तो आपल्याच बैठकीतून आला.

उत्सवाच्या तयारीच्या बैठकीत एक सूचना आली होती. दरवर्षी आपण कुष्ठरुग्णांच्या वस्तीत जाऊन ब्लँकेट आणि फळे देऊन येतो. यंदा तिथल्या दहा-बारा जणांना महाप्रसादाला इथे बोलवावे, आपल्याबरोबर पंगतीत बसवावे, अशी ती सूचना. ती ऐकून सभा गप्प झाली. मग एका ज्येष्ठ सदस्यांनी अगदी सौम्यपणे विचारले, "देणगी हवी तर वाढवू या. पण त्यांना इथे कशाला?"

त्यांच्यावर रागावण्याचे काही कारण नाही. अनेकांच्या मनात होते ते त्यांनी उघड विचारले, इतकेच. प्रश्न सरळ विचारला गेला आहे, तर उत्तरही सरळ द्यायला हवे. माझ्या समजुतीप्रमाणे त्या "कशाला"च्या पोटात तीन भीती दडलेल्या आहेत. पहिली, आपल्याला लागण होईल. दुसरी, आपल्याला बघवणार नाही. तिसरी, लोक काय म्हणतील. तिन्हींचा एकेक करून विचार करू.

पण त्याआधी शब्दांचे थोडे. आपण मराठी माणसे हिंदी मुलखात राहतो, त्यामुळे या बाबतीत आपला घोटाळा दुप्पट होतो. मराठीत "कोड" म्हणजे अंगावर येणारे पांढरे डाग. त्यात त्वचेचा फक्त रंग जातो, तो संसर्गजन्य नाही आणि त्याचा कुष्ठरोगाशी काहीही संबंध नाही. हिंदीत मात्र "कोढ" म्हणजे साक्षात कुष्ठरोग. आपली एखादी आई शेजारणीशी बोलताना सहज मराठी शब्द वापरून जाते की मुलीला कोड आहे, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीत भलतीच बातमी पसरते. पूर्वीचे ग्रंथही या गोंधळात भरच घालतात, कारण आयुर्वेदात "कुष्ठ" हा शब्द पुष्कळ त्वचारोगांना मिळून वापरला आहे, त्याचे अठरा प्रकार सांगितले आहेत. म्हणजे जुन्या पोथीत कुष्ठाविषयी जे काही वाचायला मिळते ते सगळे आज आपण ज्याला कुष्ठरोग म्हणतो त्याविषयीच असेल असे नाही. आणि "महारोगी" हा शब्द आता पूर्ण सोडून द्यावा. दम्याच्या माणसाला आपण त्याच्या रोगाच्या नावाने हाक मारत नाही. याच एका आजारात माणसाचे नाव पुसून त्या जागी रोगाचे नाव लिहिले गेले.

आता पहिली भीती, लागणीची. कुष्ठरोग जंतूंमुळे होतो. नॉर्वेतील डॉक्टर हॅन्सन यांनी १८७३ मध्ये हा जंतू शोधला. पूर्वजन्मीचे पाप, देवीचा कोप, वाईट रक्त, आनुवंशिक दोष यांपैकी कशाचाही त्यात हात नाही. जंतू क्षयाच्या जंतूच्याच कुळातला आहे, पण अतिशय संथ. शरीरात शिरल्यावर लक्षणे दिसायला सरासरी पाच वर्षे लागतात, कधीकधी वीस वर्षेही. शंभरातल्या सुमारे पंचाण्णव माणसांच्या अंगी या जंतूला दाद न देण्याची ताकद उपजतच असते. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घकाळच्या, निकटच्या सहवासातून, मुख्यतः श्वासावाटे, तो दुसऱ्याकडे जातो. हस्तांदोलनाने, शेजारी बसून जेवल्याने, एका बसमधून प्रवास केल्याने तो लागत नाही.

यातली खरी गोम "उपचार न घेतलेल्या" या शब्दांत आहे. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तीन औषधांचा एकत्रित उपचार सुचवला. रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन ही ती औषधे. भारतात १९८३ पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून ती देण्यास सुरुवात झाली आणि १९९५ पासून ती जगभर विनामूल्य मिळतात. आजाराच्या प्रकाराप्रमाणे सहा महिने किंवा बारा महिने गोळ्या घ्यायच्या, सरकारी दवाखान्यातून, घरी राहून, नोकरी करत. उपचार सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत त्या माणसापासून दुसऱ्याला लागण होण्याचा धोका राहत नाही. म्हणजे वस्तीतली जी मंडळी आपल्याकडे येतील, ज्यांची बोटे आखडलेली आहेत, ज्यांचे उपचार कित्येक वर्षांपूर्वी पूर्ण झाले आहेत, त्यांच्यापासून आपल्याला काहीही लागणार नाही. त्यांचा रोग गेलेला आहे. राहिली आहे ती त्याची खूण. भाजून बरे झालेल्या माणसाच्या अंगावरचा व्रण कोणाला भाजत नाही, तसेच हे.

मग लागण कोणाकडून होऊ शकते? ज्याला आपल्याला आजार आहे हे माहीतच नाही, किंवा माहीत असून जो लपवतो, त्याच्याकडून. आणि तो लपवतो का? तर आपल्या भीतीमुळे. आपण ज्याला दूर लोटतो तो निरुपद्रवी असतो, आणि ज्याच्यापासून काही धोका असतो त्याला आपल्याच वागण्याने आपण गप्प बसवतो. हे चक्र एकदा नीट समजले तर पुढचे सगळे सोपे आहे.

एक उदाहरण सांगते. नाव, गाव, नोकरी काहीच सांगणार नाही. आपल्यासारख्याच शिकलेल्या मराठी घरातला मुलगा. मोटरसायकलच्या सायलेन्सरला पोटरी लागून चांगला फोड आला, आणि त्याला कळलेच नाही. तिथे आधीपासून एक फिकट चट्टा होता. खाज नाही, दुखणे नाही, म्हणून कोणी लक्ष दिले नव्हते. घरात कोणीतरी शंका बोलून दाखवली आणि घर हादरले. दवाखान्यात गेले तर कोणीतरी ओळखीचे भेटेल, म्हणून दोन वर्षे नुसती मलमे लावली. दोन वर्षांनी हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट वळून आखडले, तेव्हा ते माझ्याकडे आले. औषधाने आजार पूर्ण बरा झाला. बोटे मात्र शस्त्रक्रिया आणि अनेक महिन्यांचा व्यायाम करून निम्मीच सरळ झाली. पहिल्याच महिन्यात आला असता तर कदाचित कोणाला कधी कळलेही नसते. त्याच्या आईने मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला होता, "बाई, हे मुलीकडच्यांना सांगावे लागेल का?" मुलाच्या हातापेक्षा त्या माउलीला सोयरिकीची काळजी जास्त होती. दोष तिचा नाही. तिला ज्या समाजात मुलाचे लग्न करायचे होते तो समाज म्हणजे तुम्ही-आम्हीच.

आता लक्षणे नीट लक्षात ठेवा, म्हणजे या व्याख्यानाचा काही उपयोग झाला असे मला वाटेल. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा, ज्यावर स्पर्श, ऊन-थंड किंवा टोचलेले कळत नाही. हातापायांना बधिरपणा, मुंग्या. हातातली वस्तू नकळत गळून पडणे, पायातली चप्पल निसटणे आणि ते न कळणे. चेहऱ्यावर किंवा कानाच्या पाळीवर तेलकट जाडसरपणा, गाठी. यांपैकी काही दिसले तर सरकारी दवाखान्यात किंवा त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. प्रत्येक डाग कुष्ठरोगाचा नसतो, बहुतेक नसतातच. पण जो डाग दुखत नाही, खाजत नाही, त्याची चौकशी आधी करावी. इतर आजारांत आपण दुखले की धावतो. इथे न दुखणे हीच धोक्याची सूचना आहे.

गोळ्या सुरू झाल्यावर लघवी काही वेळ लालसर होते, त्वचा काही महिने काळपट दिसते. औषध संपल्यावर रंग हळूहळू पूर्ववत होतो. पण लोक विचारतील म्हणून पुष्कळ जण मध्येच गोळ्या सोडतात. उपचार चालू असताना किंवा संपल्यावरही एकाएकी चट्टे लाल होऊन सुजले, नस ठणकू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे. ती शरीराची प्रतिक्रिया असते. वेळेवर औषध दिले तर नस वाचते.

दुसरी भीती, बघवणार नाही. ही बोलायला अवघड आहे, म्हणून तिच्यावर सहसा कोणी बोलत नाही. बोटे झडतात, मांस गळते, असे चित्र आपल्या मनात असते. खरे म्हणजे या रोगाने बोटे गळून पडत नाहीत. नसा बधिर होतात. मग गरम तवा, चहाचा पेला, बुटातला खडा यांनी जखम होते आणि ती कळत नाही. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून या हातांवर शस्त्रक्रिया केल्या आणि हे सगळे जगाला समजावून सांगितले. मुंबईत डॉ. नोशीर अंटिया यांनी प्लॅस्टिक सर्जरीचे असेच काम केले. दुखणे ही देवाने माणसाला दिलेली राखण आहे, हे मला या रुग्णांनी शिकवले. ज्यांची ती राखण गेली ते रोज संध्याकाळी स्वतःचे तळवे आरशात तपासतात, पाण्यात भिजवतात, तेल लावतात, मऊ रबराच्या चपला वापरतात. आपण देवपूजा करतो तितक्या नेमाने.

जयपुरात राहणाऱ्यांना तर मी एक वेगळाच प्रश्न विचारीन. १९६८ मध्ये या शहरात मास्टरजी रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी मिळून "जयपूर फूट" घडवला. मांडी घालून बसता येईल, उकिडवे बसता येईल, अनवाणी चालता येईल असा आपल्या माणसांचा पाय. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने तो लाखो लोकांपर्यंत विनामूल्य पोहोचवला. अपघातात पाय गमावलेल्या सुधा चंद्रन हाच पाय लावून पुन्हा नाचल्या, त्यावर चित्रपट निघाला, आपण सर्वांनी तो डोळे पुसत पाहिला. गावाहून पाहुणे आले की आपण अभिमानाने सांगतो, हे आमच्या जयपूरचे. मग एकच पाय, एकच शहर, आणि तरी अपघाताने पाय गेलेला माणूस आपल्याला जिद्दीचा वाटतो, कुष्ठरोगाने पाय गेलेला माणूस दुरून जावासा वाटतो, असे का? दोघांनीही पाय गमावला आहे, दोघेही पुन्हा चालत आहेत. फरक आहे तो आपल्या नजरेत.

आणि आज आपण ज्याच्यासमोर बसलो आहोत तो कोण आहे? एकदंत, लंबोदर, वक्रतुंड. चंद्र त्याच्या रूपाला हसला म्हणून चंद्राला शाप मिळाला, आणि आजही चतुर्थीला आपण चंद्र पाहत नाही. ही कथा आपण मुलांना दरवर्षी सांगतो. तिचा अर्थ फक्त चंद्र टाळण्यापुरता ठेवायचा का, एवढा विचार घरी जाताना जरूर करावा.

तिसरी भीती, लोक काय म्हणतील. याचे उत्तर महाराष्ट्राने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर अ‍ॅक्वर्थ यांनी १८९० मध्ये माटुंग्याला बेघर कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान उभे केले. तेच पुढे वडाळ्याचे अ‍ॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय. आपल्यापैकी इतिहासप्रेमींना हे नाव वेगळ्या कारणाने ठाऊक असेल. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर मराठी पोवाड्यांचा संग्रह करणारे अ‍ॅक्वर्थ ते हेच. मात्र त्याच काळात, १८९८ मध्ये, इंग्रज सरकारने असा कायदा केला की रस्त्यावर भीक मागणाऱ्या कुष्ठरुग्णाला वॉरंटाशिवाय पकडून कोंडता येई. कायद्यातला शब्दच "कंगाल" कुष्ठरुग्ण असा होता. श्रीमंताच्या घरातला रुग्ण माडीवर राही, गरिबाचा रुग्ण कोंडला जाई. आश्रय आणि बंदिवास यांतली रेषा त्या काळात अशी पुसट होती.

सुरुवातीची सेवा मुख्यतः ख्रिस्ती मिशनऱ्यांनी केली. विदर्भातले कोठारा, तिकडे मिरज, ही त्यांची ठिकाणे. मग १९३६ मध्ये विनोबांच्या प्रेरणेने मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केले. मी वर्ध्याची असल्यामुळे दत्तपूर हे नाव माझ्या कानावर लहानपणापासून होते, पण त्याचे मोल पुढे कळले. सेवाग्रामला गेलात तर आश्रमाच्या आवारात परचुरे कुटी दिसेल. दत्तात्रेय वासुदेव परचुरे शास्त्री हे संस्कृतचे विद्वान, येरवड्याच्या तुरुंगातले गांधीजींचे सोबती. कुष्ठरोगाने पोखरलेल्या अवस्थेत ते सेवाग्रामला आले, तेव्हा आश्रमात मुले होती, बायामाणसे होती. लोक काय म्हणतील हा प्रश्न तिथेही होताच. गांधीजींनी सर्वांशी बोलून त्यांना ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्यांचे अंग चोळले. त्या वेळी या रोगावर आजच्यासारखे खात्रीचे औषध नव्हते, हे लक्षात घ्या. आपल्याजवळ औषध आहे.

१९४६ मध्ये अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवनात जगदंबा कुष्ठनिवास सुरू केले. गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानातर्फे डॉ. वारदेकरांनी १९५० च्या दशकात घरोघर पाहणी, लोकशिक्षण आणि उपचार या तिन्ही गोष्टी एकत्र गुंफल्या. रुग्णाने आश्रमात येण्याची वाट न पाहता औषधाने त्याच्या घरी जायचे, ही त्यामागची कल्पना. पुढे देशाच्या कुष्ठरोग कार्यक्रमाने तीच पद्धत स्वीकारली.

आणि बाबा आमटे. त्यांची कथा आपण सर्व जाणतो, पण तिचा एक भाग विसरतो. वरोऱ्याच्या रस्त्यावर पावसात पडलेल्या तुळशीरामला पाहून बाबा प्रथम घाबरून निघून गेले होते. कोणाला न भिणारा तो माणूस त्या दिवशी भ्याला, आणि ते त्यांनी आयुष्यभर उघडपणे सांगितले. भीती वाटणे हा गुन्हा नाही. बाबा परत फिरले, कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगाचे शिक्षण घेतले, आणि १९५१ मध्ये साधनाताईंसह सहा रुग्णांना घेऊन आनंदवनाचा संसार मांडला. सुरुवातीला तिथे पिकलेली भाजी बाजारात कोणी घेईना. पुढे १९६० च्या दशकात आनंदवनातच महाविद्यालय उभे राहिले आणि भाजी न घेणाऱ्या गावांची मुले तिथे शिकायला येऊ लागली. बाबांनी लोकांना उपदेश कमी केला. लोकांना तिथे यावेच लागेल असे काहीतरी तिथे निर्माण केले. लोक काय म्हणतील याचे उत्तर कामाने कसे द्यायचे ते यात आहे. जयपुरातही सार्थक मानव कुष्ठाश्रमासारख्या संस्थेने अनेक वर्षे हे काम केले आहे.

आता कायद्याचे. आपल्याला वाटते की भेदभाव अडाणी लोक करतात. पण तो आपल्या कायद्यांच्या पुस्तकांत छापलेला होता. काही राज्यांच्या स्थानिक निवडणुकांच्या कायद्यांत कुष्ठरुग्णाला उमेदवारीची बंदी होती, आणि ओडिशातील अशी तरतूद २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही वैध ठरवली होती. १८९८ चा तो कोंडण्याचा कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडावे लागले. जोडीदाराला कुष्ठरोग आहे म्हणून घटस्फोट मागता येई. विधी आयोगाने २०१५ मध्ये आपल्या २५६ व्या अहवालात अशा तरतुदी काढून टाकण्याची शिफारस केली, आणि २०१९ मध्ये संसदेने हिंदू विवाह कायद्यासह पाच वैयक्तिक कायद्यांतून ते कारण वगळले. विचार करा, सहा किंवा बारा महिन्यांत बरा होणारा आजार, त्याचे औषध येऊन साडेतीन दशके झाली, तरी तो घटस्फोटाचे कारण होता. कायदा बदलला. घरातला कायदा बदलायला संसद लागत नाही.

आणखी एक गैरसमज. "कुष्ठरोग तर भारतातून गेला ना?" असे मला अनेक जण विचारतात. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर रुग्णांचे प्रमाण दहा हजारांमागे एकाच्या खाली आले, आणि सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून त्याचे दूरीकरण झाल्याचे जाहीर झाले. लोकांनी त्याचा अर्थ रोग संपला असा घेतला. पण २०२३ या एका वर्षात जगात १ लाख ८२ हजारांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतले १ लाख ७ हजारांहून अधिक आपल्या देशातले होते. रोग कमी झाला हे खरे, आणि त्याचे श्रेय हजारो आरोग्य कर्मचाऱ्यांना आहे. पण तो संपला असे समजल्यामुळे तरुण डॉक्टरांना पटकन शंका येत नाही, आणि घरच्यांना तर नाहीच नाही.

आता या सगळ्यातून आपण काय करायचे? मंडळ म्हणून, घर म्हणून. माझ्या चार विनंत्या आहेत, त्या खर्चाच्या नाहीत.

एक. घरी काम करणाऱ्या बाईच्या, ड्रायव्हरच्या, दुकानातल्या मुलाच्या अंगावर चट्टा दिसला तर त्याला काढून टाकू नका. दवाखान्यात पाठवा, जमल्यास बरोबर जा, आणि उपचार चालू असताना कामावर ठेवा. नोकरी जाईल या भीतीने ती बाई लपवील, दुसऱ्या घरी कामाला लागेल, आणि तिचा हात वाकडा होईल. तुमच्या एका दिलाशाने तिचा हात वाचेल.

दोन. लग्नसंबंध ठरवताना "त्यांच्या घरात कोणाला तरी होता म्हणे" हे वाक्य आपल्या तोंडून निघू देऊ नका. हा रोग आनुवंशिक नाही. आजोबांच्या आजाराची शिक्षा नातीला कशाला?

तीन. मोती डुंगरीच्या गणपतीला बुधवारी जाताना हातापायांना चिंध्या बांधलेला कोणी दिसला तर नाणे दुरून टाकू नका. देणार असाल तर हातात द्या. आणि एक वाक्य बोला, जखमेचा उपचार सरकारी दवाखान्यात मोफत होतो, हे सांगा. नाणे संध्याकाळी संपते.

चार. उत्सवात आपण पणत्या, पिशव्या, कागदी वस्तू विकत घेतोच. कुष्ठमुक्त माणसांनी बनवलेल्या वस्तूंना मंडपात एक टेबल द्या. आनंदवनातल्या कलावंतांचा "स्वरानंदवन" हा वाद्यवृंद गावोगावी कार्यक्रम करतो, लोक तिकीट काढून जातात. दयेने बोलावणे वेगळे आणि गाणे चांगले आहे म्हणून बोलावणे वेगळे. दुसऱ्यात दोघांचीही मान राहते.

राहिला तो मूळ प्रश्न, "त्यांना इथे कशाला?" ब्लँकेट द्यायला आपण तिकडे जातो, तेव्हा ते हात पुढे करतात आणि आपण देतो. फोटो निघतो. तो फोटो पाहून तिथल्या मुलांना काय वाटत असेल? तिथल्या मुलांना कुष्ठरोग नाही. ती शाळेत जातात, पण पत्ता विचारला की वस्तीचे नाव सांगायला कचरतात. ब्लँकेटने हा संकोच जात नाही. त्यांचे आजी-आजोबा आपल्या पंगतीत बसले, त्यांच्या पानात आपल्या सुनेने वरणभात वाढला, त्यांनी "आणखी वाढा" म्हटले आणि आपण वाढले, तर तो थोडा कमी होईल. आणि आपल्या मुलांनाही व्याख्यान न ऐकता ते कळेल, जे मला इथे इतका वेळ बोलावे लागले.

संख्या मोठी नाही. दहा-बारा पाने. हात अधू असलेल्यांसाठी वाटीऐवजी खोलगट ताटली आणि मोठा चमचा ठेवा, जमिनीवर बसणे अवघड असणाऱ्यांसाठी दोन बाके ठेवा. पाहुण्यांसाठी करतो तेवढीच व्यवस्था. त्यांच्यासाठी वेगळी पंगत मात्र मांडू नका. वेगळी पंगत मांडायची असेल तर बोलावूच नका, असे मी स्पष्ट म्हणेन.

ज्या ज्येष्ठ सदस्यांनी प्रश्न विचारला ते आज पहिल्याच रांगेत बसले आहेत. त्यांना माझी विनंती आहे की महाप्रसादाच्या दिवशी वाढपाची पहिली फेरी त्यांनी घ्यावी. त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता. उत्तर पटले असेल तर ते त्यांच्याच हातून दिले जावे, म्हणजे कोणाला शंका उरणार नाही. पटले नसेल तर पुढच्या बैठकीत पुन्हा विचारावे, मी येईन.

विघ्नहर्त्याजवळ आपण दरवर्षी खूप काही मागतो. यंदा एवढेच मागू या की आपल्या मनातले हे विघ्न त्याने दूर करावे, आणि त्याने ते करेपर्यंत आपणही हातभार लावावा. प्रसादाचा वास आता मलाही येऊ लागला आहे.

गणपती बाप्पा मोरया!